मळ, रंग आणि मुलतानी माती

मंडळी, या विकांताचा विषय माती आहे. विनोद नाही, खरंच माती. त्यातही मुलतानी. आयटीतल्या माणसाने फेसपॅकवर का लिहावं असं वाटलं असेल तर थोडं थांबा. लेप कशात कालवावा आणि किती मिनिटं ठेवावा हे सांगणारे लोक भरपूर आहेत, त्यांच्या पोटावर मला पाय आणायचा नाहीये. मला इतिहास सांगायचाय. तुमच्या-आमच्या बाथरूमच्या कपाटात पडलेल्या त्या पिवळट पुडीला किमान अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे. आणि गंमत म्हणजे त्यातला बराचसा इतिहास चेहऱ्याचा नाहीच. कपडे धुण्याचा आहे.

मला याचा सुगावा लागला तो एका शब्दामुळे. युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रसाधनांवर घटकांची नावं ठरलेल्या यादीतूनच लिहावी लागतात. त्या यादीत मुलतानी मातीचं नाव आहे 'सोलम फुलोनम'. लॅटिनमध्ये सोलम म्हणजे जमीन, माती. आणि फुलो म्हणजे लोकरीचं कापड तुडवून धुणारा माणूस. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही, पण परीट म्हटलं तर फार चुकणार नाही. इंग्रजीतलं 'फुलर्स अर्थ' हेही तेच. म्हणजे महागड्या फेसपॅकच्या मागे बारीक अक्षरात जे लिहिलंय त्याचा सरळ मराठी अर्थ 'परटाची माती'! हे वाचल्यावर पुढचे दोन शनिवार कुठे गेले ते वेगळं सांगायला नको.

तर हा रोमन परीट काय करायचा? रोममध्ये अंगावर लोकर. मेंढीच्या लोकरीत मूळचीच चरबी असते (आज तीच लॅनोलिन नावाने क्रीममध्ये विकली जाते). मागावरून उतरलेलं कापड तेलकट, विरळ आणि खरखरीत असतं. ते घट्ट आणि स्वच्छ करायचं तर चरबी काढायला हवी. साबण हा प्रकार तेव्हा धुण्यासाठी प्रचारात नव्हता. मग कापड हौदात टाकायचं, वर पाणी, माती आणि शिळं मूत्र, आणि माणसाने आत उतरून पायांनी तुडवायचं. मूत्र कशासाठी? तर शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी सुटायला मदत करतो. पोंपेईत स्टीफनसचं धुलाईगृह म्हणून जी जागा दाखवतात, तिथे ते हौद आजही बघायला मिळतात. या मूत्रावर सम्राट व्हेस्पेसियनने कर बसवला होता. मुलाने, टायटसने, नाक मुरडलं तेव्हा बापाने त्या कराच्या पैशातलं नाणं त्याच्या नाकाखाली धरून वास येतो का विचारलं, अशी गोष्ट सुएटोनियसने लिहून ठेवली आहे. रोमन वित्तमंत्रालय आपल्याच जातकुळीतलं होतं म्हणायचं.

पण मी खरा उडालो ते पुढची गोष्ट वाचून. मातीवर कायदा होता. इसवी सनपूर्व २२० मध्ये सेन्सर पदावर असलेल्या फ्लॅमिनियस आणि एमिलियस यांच्या पुढाकाराने 'लेक्स मेटिलिया' मंजूर झाला. कापड कोणत्या क्रमाने धुवायचं हे त्यात ठरवून दिलं होतं. प्लिनीने आपल्या 'नॅचरल हिस्टरी'त तो क्रम दिलाय: आधी सार्डिनियाची माती, मग गंधकाची धुरी, शेवटी किमोलोस बेटाची माती. गंधकाने कच्चा रंग काळवंडतो आणि लबाडी उघडी पडते. रंग पक्का असेल तर किमोलोसची माती त्याला पुन्हा उठाव देते. थोडक्यात, आधी स्वस्त मातीने मळ काढा, मग टेस्टिंग, मग फिनिशिंग. आपल्या रिलीज प्रोसेसपेक्षा बरी होती एकूण.

एवढा खटाटोप पांढऱ्यासाठी का, तर पांढरा कपडा म्हणजे प्रतिष्ठा. निवडणुकीला उभा राहणारा रोमन माणूस आपला टोगा खडू घासून आणखी पांढराशुभ्र करून बाजारात हिंडायचा. शुभ्र म्हणजे कँडिडस, म्हणून तो कँडिडेटस. आपण मुलाखतीला जातो तेव्हा एचआरवाले आपल्याला कँडिडेट म्हणतात, तो शब्द इथून आलाय. इसवी सनपूर्व ४३२ मध्ये असं पांढरं फासून मतं मागायला बंदी करणारा कायदा झाला, असं लिव्ही सांगतो. पुढे शब्दच टिकला त्यावरून कायद्याचं काय झालं ते समजून घ्या.

आता कपड्यावरून अंगावर येऊ. हेच किमोलोस बेट अथेन्सकरांना आणखी एका कामासाठी माहीत होतं. अ‍ॅरिस्टोफेनिसचं 'बेडूक' नावाचं नाटक इसवी सनपूर्व ४०५ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यात क्लेइजेनिस नावाच्या एका हमामवाल्याची खिल्ली उडवलीय. तो ज्या मालाचा मोठा सम्राट, त्यात राखेचा खार आहे आणि किमोलोसची माती आहे. म्हणजे स्नानगृहात अंग घासायला तीच माती होती जी परटाकडे कापडाला होती. त्यात आश्चर्य काहीच नाही. लोकरीवर चरबी असते, आपल्या कातडीवरही असते. चरबी धरून ठेवणारी माती दोन्हीकडे चालणारच. प्लिनीने खिऑस बेटाच्या पांढऱ्या मातीबद्दल तर स्पष्टच लिहिलंय की बायका ती त्वचेसाठी वापरतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा फेसपॅक. (किमोलोसमध्ये आणि शेजारच्या मिलोस बेटावर आजही बेंटोनाइट खणतात, बरं का.)

मात्र इथेच एक घोळ झाला आणि तोच माझ्या लेखाचा मुद्दा आहे. कापड धुतलं की ते पांढरं होतं. म्हणून कातडी धुतली की तीही पांढरी होणार! लोकरीचा मूळ रंगच पांढरा असतो आणि त्यावर मळ बसतो. मळ निघाला की खालचं पांढरं दिसतं. माणसाच्या कातडीचं तसं नाही. तिचा रंग हा तिचाच रंग असतो. त्याखाली कुठलं पांढरं कापड दडवून ठेवलेलं नसतं.

ज्यांना हे अनुभवाने कळलं त्यांनी मग मातीचा नाद सोडून वरून रंग लावायला सुरुवात केली. तो रंग होता पांढरं शिसं, म्हणजे आपला सफेता. झेनोफनच्या एका संवादात नव्यानेच लग्न झालेली एक मुलगी चेहऱ्याला सफेता फासून नवऱ्यासमोर येते, आणि नवरा तिला त्यावर उपदेश करतो. इसवी सनपूर्व चौथं शतक. तिथपासून ते लंडनच्या उमरावांच्या घरापर्यंत हा सफेता चालला. १७६० मध्ये कॉव्हेंट्रीची काउंटेस मरिया गनिंग तिशीच्या आत वारली, तेव्हा लोकांनी ठपका ठेवला तो याच सफेत्यावर. माती काही गोरं करत नव्हती, पण निदान जीव तरी घेत नव्हती.

थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय हा मुद्दा पटणार नाही. (कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडून पुढे जा.) मुलतानी मातीत मुख्यतः माँटमोरिलोनाइट गटातली खनिजं असतात. हे नाव फ्रान्समधल्या माँटमोरियाँ गावावरून १८४७ मध्ये पडलं. त्याची रचना पत्त्यांच्या गठ्ठ्यासारखी. एकेक पत्ता साधारण एक नॅनोमीटर जाडीचा, सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाचा. पत्त्यांवर किंचित ऋण भार असतो आणि तो भागवायला पत्त्यांच्या फटीत कॅल्शियम, सोडियम असे धन भारवाले आयन येऊन बसतात. पाणी घातलं की ते फटींमध्ये शिरतं आणि गठ्ठा फुगतो. या सगळ्या पत्त्यांचा पृष्ठभाग एकत्र मोजला तर एका ग्रॅमला सुमारे ७५० चौरस मीटर भरतो. बॅडमिंटनची नऊ कोर्टं! एका चिमटीत! एवढ्या जागेवर तेल आणि मळ चिकटायला वाव किती असेल बघा. लेप सुकताना त्यातलं पाणी उडून जातं, माती आकसते आणि आपल्याला चेहरा ओढल्यासारखा वाटतो. धुतला की तेल गेलेलं असतं, चकाकी कमी झालेली असते, घासल्यामुळे रक्तही जरा खेळलेलं असतं. आरशात 'उजळ' दिसतं ते हे.

आणि रंगाचं काय? मेलॅनिन तयार होतं बाह्यत्वचेच्या अगदी तळाच्या थरात. मातीचा कण तिथपर्यंत पोचत नाही. उन्हाने रापलेला रंग काही आठवड्यांत उतरतो तो कातडीचे वरचे थर आपोआप झडतात म्हणून. त्या काळात तुम्ही माती लावत असाल तर श्रेय मातीला जातं, एवढंच. 'शरीरातली विषद्रव्यं खेचून घेते' हाही असाच दावा. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, गालावरचा लेप नाही.

बाकी खेचून घेण्याच्या या गुणाची किंमत दुनियेला फार पूर्वीच कळली होती. इंग्लंडचा सगळा डोलारा लोकरीच्या कापडावर उभा होता तेव्हा ही माती म्हणजे व्यापारी गुपित. १६६२ च्या कायद्याने मेंढ्या, लोकर आणि ही माती देशाबाहेर न्यायला बंदी घातली. त्याच यादीत तंबाखूच्या चिलमी बनवायची पांढरी मातीही होती. का? तर ती दिसायला सारखी. चिलमीच्या मातीच्या नावाखाली कोणी परटाची माती पळवू नये म्हणून दोन्हीवर बंदी! अ‍ॅडम स्मिथने 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये या प्रकाराची मुद्दाम नोंद घेतलीय.

पुढे साबण आणि रसायनं आली, परटाची माती बेकार झाली. पण अशी हुन्नरी वस्तू फार दिवस घरी बसत नाही. १८९३ मध्ये फ्लॉरिडात क्विन्सीजवळ तिचे साठे सापडले आणि अमेरिकेत ती तेलं गाळून त्यांचा रंग काढायच्या कामाला लागली. आज आपल्या स्वयंपाकघरातलं 'रिफाइंड' तेल पिवळंधम्मक न दिसता फिकट दिसतं, त्यामागेही अशाच मातीने केलेलं 'ब्लीचिंग' असतं. १९४७ मध्ये मिशिगनमध्ये एड लो नावाच्या माणसाने शेजारणीला मांजराच्या खोक्यात राखेऐवजी ही माती टाकून बघायला सांगितलं आणि 'किटी लिटर' नावाचा धंदा उभा राहिला. तेव्हा मंडळी, मांजराचा संडास, खाद्यतेलाचा कारखाना आणि ब्यूटी पार्लर, तिन्हीकडे एकाच घराण्यातली माती. किंमत मात्र पाटीप्रमाणे बदलते.

पाटीवरून आठवलं. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या अशाच एका फुगणाऱ्या मातीला विल्बर नाइट या भूशास्त्रज्ञाने आधी 'टेलराइट' नाव दिलं. मग लक्षात आलं की त्या नावाचं खनिज आधीच आहे. नेम कॉलिजन! म्हणून १८९८ मध्ये नाव बदललं, बेंटोनाइट. आज 'बेंटोनाइट क्ले मास्क' म्हणून जे घेतो ते हेच.

आपली 'मुलतानी' तर आणखी मजेशीर. मुलतान शहर १९४७ पासून पाकिस्तानात आहे. त्या भागात, सिंधूपलीकडे डेरा गाझी खानकडे, या मातीचे साठे आहेत आणि जुनी बाजारपेठ मुलतानची. म्हणून नाव मुलतानी. पण भारतात आज जी मिळते ती मुख्यतः राजस्थानातली, बाडमेर, बिकानेर, जैसलमेरकडची. सीमेवर कुंपण पडलं, माल या बाजूचा झाला, नाव मात्र त्या बाजूचंच राहिलं. आणि ते बदला अशी मागणी अजून माझ्या तरी कानावर आलेली नाही. (आली तर मला आश्चर्य वाटणार नाही.)

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे, आणि मला वाटतं तुमच्याकडेही, मुलतानी माती 'चेहरा स्वच्छ कर' म्हणून क्वचितच दिली जाते. माझ्या मावसबहिणीचं बघायला सुरुवात केली तेव्हाची गोष्ट. पोरगी एम.एस्सी., रोज टू-व्हीलरवरून कामाला जाणारी. मामीने तिला बघितल्या बघितल्या काय विचारलं असेल? "अगं, किती काळवंडलीयस! मुलतानी लावत जा की." मामी वाईट नाही, प्रेमळच आहे. दिवाळीला उटणं घरी कुटणारी, पोरींचे केस विंचरून देणारी. तिच्या आईने तिला हेच सांगितलं होतं. पण त्या एका वाक्यात काय म्हटलं गेलं ते बघा. तुझ्या अंगावर मळ आहे आणि तो मळ म्हणजे तुझा रंग. बहीण हसली आणि विषय बदलला. मग चार महिने बाथरूममध्ये ती पुडी होती. गाल कोरडे पडून सोलवटले, रंग जिथे होता तिथेच.

इथवर थांबलं तर ठीक. माती लावून गोरं होता येत नाही हे पुन्हा एकदा कळतं आणि मग माणूस दुसरं काहीतरी शोधतो. ग्रीसमध्ये सफेता होता. आपल्याकडे १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली, २०२० मध्ये तिच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला, पण लग्नाच्या जाहिरातीतला 'गोरी' कुठे गेला? आणि त्याही पलीकडे, लेबल नसलेली, कुठून येतात ते धड माहीत नसलेली क्रीमं आहेत. त्यातल्या काहींत पारा असतो. पारा मेलॅनिन तयार होण्याची क्रियाच रोखतो, म्हणून त्याने खरंच रंग उतरतो. केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांना २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे पेशंट लागोपाठ दिसायला लागले. शोध घेतला तर धागा निघाला तो गोरं करणाऱ्या क्रीमचा. शिसं ते पारा, अडीच हजार वर्षांत आपण एवढीच प्रगती केली.

माती त्यामानाने साधी. पण 'नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक' असंही समजू नका. जी वस्तू सगळं धरून ठेवते ती जमिनीतलं नको तेही धरून ठेवू शकते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बेंटोनाइटच्या दोन उत्पादनांत शिसं जास्त सापडल्यामुळे ती वापरू नका असा इशारा दिला होता. शिशाचा मुख्य धोका पोटात गेल्यावर. आपल्याकडे काही बायकांना गरोदरपणी मुलतानी माती खावीशी वाटते आणि त्या खातातही, घरच्यांना हे माहीत असतं आणि 'डोहाळे आहेत' म्हणून सोडून देतात. सोडून देऊ नका. लोह कमी असण्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना सांगा. आणि चेहऱ्याला लावायचीच असेल तर तेलकट त्वचेला अधूनमधून जरूर लावा, पार कडकडीत सुकून तडे जाईपर्यंत ठेवू नका, कोरड्या त्वचेच्या माणसाने तर जपूनच. पुडीवर पत्ता, बॅच नंबर असलेली घ्या. झालं, शेवटी मी पण पॅकवर आलोच!

असो. फार पाल्हाळ झालं. मला एवढंच सांगायचं होतं की ही माती मुळात परटाची आहे आणि परटाचं काम मळ काढण्याचं. ते ती अडीच हजार वर्षं चोख करतेय. रोमन परटाला मळ आणि रंग यातला फरक पक्का ठाऊक होता. गंधकाची धुरी देऊन तो बघायचा की रंग पक्का आहे का, आणि पक्का निघाला तर तो काढायच्या मागे न लागता किमोलोसच्या मातीने त्याला झळाळी द्यायचा. लग्नसराई तोंडावर आलीय. तुमच्याही घरात कोणी कोणाला पुढच्या महिन्यात 'काळवंडलीस' म्हणेल. तेव्हा पुडी आणायला धावू नका, त्या म्हणणाऱ्या मामी-काकूशी जरा बोला. प्रेमाने बोला, पण बोला.

पुढच्या विकांताला जमलं तर गोपीचंदनावर. तीही मातीच, द्वारकेजवळच्या गोपी तलावाची, पण वारकऱ्याच्या कपाळावर गेली की तिला कोणी गोरं करायला सांगत नाही.